करप्याचे जनुक कोणाच्या धानासाठी?

आमगाव तालुक्यात धान लोंबीवर येण्याच्या सुमारास आभाळ भरून राहिले, पहाटे दव पडू लागले आणि पानांवर डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखी व कडेला तपकिरी ठिपके दिसू लागले, की कृषी सेवा केंद्रांवर औषधासाठी गर्दी होते. हा करपा. पाने करपली तर उत्पन्न घटते. परंतु बुरशी लोंबीच्या मानेत शिरली तर दाणाच भरत नाही, आणि तोवर बियाणे, खत व रोवणीची मजुरी हा सारा खर्च होऊन गेलेला असतो. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा आधारभूत भाव क्विंटलमागे २,३६९ रुपये ठरला. हा भाव भरलेल्या दाण्याचा आहे. पोचट धानाला खरेदी केंद्रावर कोणी विचारीत नाही.

फवारणीवाचून करपा रोखण्याचा मार्ग विज्ञानाला ठाऊक नाही असे नव्हे. धानाच्या काही जातींत अशी जनुके आहेत की ती बुरशीचे विशिष्ट प्रथिन ओळखतात आणि लागण झालेल्या जागेभोवतीच्या पेशी स्वतःच मारून टाकतात. जिवंत पेशी न मिळाल्याने बुरशी तेथेच खुंटते. अशी शंभरावर जनुके आज माहीत आहेत. व्हिएतनामच्या ‘टेटेप’ वाणातील पीआय-५४ हे जनुक तर भारतीय शास्त्रज्ञांनीच २००५ साली वेगळे करून दाखविले. संकराने ते दुसऱ्या वाणात उतरविता येते. शेतकऱ्याला त्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही. प्रतिकार बियाण्यातच येतो, आणि ते सरळ वाणाचे असेल तर पुढल्या वर्षी घरच्या कणगीतूनही मिळते.

मात्र येथेच एक भाबडा समज पसरविला जातो, की एकदा जनुक घातले म्हणजे प्रश्न मिटला. बुरशी वेगाने बदलते. ज्या प्रथिनावरून ती ओळखली जाते ते तिने टाकून दिले, की जनुक आंधळे होते. दक्षिण कोरियाने याची जबर किंमत मोजली. तेथील लष्करशाहीने १९७० च्या दशकात ‘तोंगिल’ जातीचा धान सरकारी सक्तीने देशभर लावला. काही वर्षे उत्पन्नाचे विक्रम झाले. १९७८ साली करप्याच्या नव्या प्रकाराने तोच धान झोपविला. देशभर एकच कुलूप लावले होते, त्यामुळे चोराला एकच किल्ली पुरली.

याच्या उलट अनुभव चीनच्या युन्नान प्रांतातील आहे. १९९८ व १९९९ साली तेथील हजारो शेतकऱ्यांनी करप्याला बळी पडणाऱ्या चिकट धानाच्या ओळी प्रतिकारक्षम संकरित धानाच्या ओळींमध्ये मिसळून लावल्या. चिकट धानावरील करपा ९४ टक्क्यांनी घटला, त्याचे उत्पन्न ८९ टक्क्यांनी अधिक आले आणि प्रयोगाच्या अखेरीस बुरशीनाशकाची फवारणी थांबविता आली. हा प्रयोग एका शेतकऱ्याच्या तुकड्यावर झाला असता तर फळला नसता. बुरशीचे बीजाणू वाऱ्यावर येतात. त्यांना सातबारा समजत नाही. शेजाऱ्याची बांधी रोगट राहिली तर आपल्या बांधीतील जनुकाची मुदतही लवकर संपते. म्हणजे रोगप्रतिकार ही स्वभावतःच कालव्यासारखी किंवा गावच्या तलावासारखी सामायिक संपत्ती आहे.

सामायिक संपत्तीत नफा नसतो, म्हणून बाजार तिच्याकडे पाठ फिरवितो. जगातील बड्या बियाणे कंपन्याच बुरशीनाशकेही विकतात. घरी राखता येणाऱ्या बियाण्यात टिकाऊ प्रतिकार आणून स्वतःच्याच औषधाचे गिऱ्हाईक घालविण्याची त्यांच्याकडून अपेक्षा करणे अर्थशास्त्राला धरून नाही. हे काम सार्वजनिक संस्थांचेच आहे. मग सार्वजनिक संस्थांचा प्राधान्यक्रम कोण ठरवितो, हा खरा राजकीय प्रश्न होय.

करप्यावरील ‘ट्रायसायक्लाझोल’ या औषधाच्या अंशाची मर्यादा युरोपीय संघाने २०१७ साली शंभरपटीने खाली आणली आणि बासमतीचे निर्यातदार हादरले. बासमतीत प्रतिकारक जनुके आणण्याचे काम आधीपासून चालू होते. आता त्याला निकड आली. २०२१ साली दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा बासमती १८४७, १८८५ व १८८६ हे करपा आणि कडा करपा या दोहोंना तोंड देणारे वाण दिले. काम उत्तम झाले, त्याबद्दल आकस नाही. पण युरोपातील ग्राहकाच्या ताटातील अंशाला जे वजन मिळाले, ते पाठीवर पंप घेऊन बांधीत उतरणाऱ्या आमगावच्या शेतमजुराच्या फुप्फुसाला का मिळू नये? सर्वसामान्यांच्या धानात हे जमत नाही, असेही नाही. हैदराबादच्या शासकीय प्रयोगशाळांनी कडा करप्याला तोंड देणारी सुधारित सांबा मसुरी २००८ सालीच दिली आहे.

जनुकांचा साठाही दूर नाही. १९५६ पर्यंत आमगाव व रायपूर एकाच राज्यात होते. परदेशी बियाण्यांच्या सरसकट आयातीस विरोध केल्यामुळे कटकच्या केंद्रीय संस्थेचे संचालकपद गमवावे लागलेले डॉ. रिछारिया यांनी पुढे छत्तीसगडच्या गावागावांतून हजारो देशी वाण गोळा केले. रायपूरच्या कृषी विद्यापीठात आज असे बावीस हजारांहून अधिक नमुने आहेत. २००२ साली ‘सिंजेंटा’ कंपनीशी या ठेव्याबाबत करार होऊ घातला होता. शेतकरी, शास्त्रज्ञ व जनसंघटनांनी रान उठविले आणि कंपनीला माघार घ्यावी लागली. आपल्या भागात ही परंपरा नाही असे कोणी म्हणू नये: ‘एच.एम.टी.’ हा वाण नागभीड तालुक्यातील दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने निवडीतून सिद्ध केला, आणि त्यांची उपेक्षा कशी झाली हेही महाराष्ट्राने पाहिले.

तेव्हा पक्षाच्या कार्यकर्त्यांनी भाव आणि बोनस यांच्या जोडीने बियाण्याचा प्रश्न हाती घ्यावा. साकोली व सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्रांत झाडीपट्टीच्या पसंतीच्या बारीक वाणांत एकाहून अधिक प्रतिकारक जनुके एकत्र आणण्यासाठी किती निधी व किती माणसे दिली, याचा जाब विधिमंडळात विचारला जावा. येथील करप्याचे प्रकार दरवर्षी तपासून त्याचा अहवाल मराठीत पंचायतींना मिळावा. आणि युन्नानसारखा प्रयोग आमगावच्या एखाद्या गावाने सहकारी संस्थेमार्फत, चिन्नोर व लुचईसारखे जुने वाण सोबत घेऊन, करायचा ठरविला, तर पहिल्या दोन हंगामांची तूट शासनाने भरून द्यावी. या मागण्या ग्रामसभांच्या ठरावांत पऱ्हे टाकण्यापूर्वीच आल्या पाहिजेत. रोवणी सुरू झाल्यावर सभेला माणूस मिळत नाही.