भारताची खुर्ची

आमच्या धाकटीला कॉलेजातल्या लुटुपुटूच्या युनोत भारताची खुर्ची मिळाली. विषय वंशभेद. सरांनी बजावलं, जातीचं निघालं की म्हणायचं, तो आमचा घरचा प्रश्न. २००१ साली डर्बनला आपल्या सरकारनं तेच केलं.

च्यायला! १९४६ साली दक्षिण आफ्रिकेतल्या हिंदी लोकांचं गाऱ्हाणं युनोत नेलं भारतानं. १९६५ च्या वंशभेदविरोधी करारात 'जन्मकूळ' घालायला लावलं भारतानंच. २००२ साली युनोची समिती म्हणाली, त्यात जातही येते. २००७ साली सरकार म्हणालं, येत नाही!

मी म्हणालो, सरांचा कागद बाजूला ठेव. पोरीनं भारताच्या खुर्चीतूनच हे सगळं सांगितलं. बक्षीस गेलं. जाऊ दे. दोस्तांनो, सरकारचा कागद म्हणजे देश नव्हे. त्या खुर्चीवर आपलाही हक्क आहे. बसाल तेव्हा खरं बोला.