रिकाम्या टाकीतला धोका

प्रवरानगरला १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले आणि पाहता पाहता अहिल्यानगर जिल्ह्याच्या शेतीचा कायापालट झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांची नावे त्या संदर्भात आदराने घेतली जातात, हे योग्यच आहे. परंतु उसाचे हे अर्थकारण ज्यांच्या आधारावर रोज हलते, त्या रस्त्याकडेच्या गॅरेजांची दखल कोणी घेत नाही. तेथील वेल्डर दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालू करून देताना कोणता धोका पत्करतो, हा प्रश्न तर कधी विचारलाच जात नाही. जुन्या ट्रॅक्टरची गळकी डिझेल टाकी हे त्या धोक्याचे अगदी साधे आणि म्हणूनच दुर्लक्षित उदाहरण होय.

टाकी बहुधा आतून कुजते. अर्धी रिकामी टाकी रात्रभर उघड्यावर राहिली की आतील हवेतले बाष्प थंड पत्र्यावर निवते. पाणी डिझेलहून जड, ते तळाशी जाऊन बसते आणि वर्षानुवर्षे पत्रा खात राहते. बाहेरचा रंग मात्र शाबूत असतो. त्यात शेतरस्त्यांचे हादरे बसले की जोडावर चीर पडते. शेतकरी प्रथम कपड्याच्या साबणाची वडी तेथे घासतो. साबण डिझेलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे चार दिवस निभावते. पुढे एम-सील थापले जाते. सुशिक्षितांनी या उपायांना हसण्याचे कारण नाही. ऊसतोडणीची टोळी फडात उभी असताना टाकीसाठी ट्रॅक्टर आठवडाभर घरी ठेवणे कोणाला परवडेल? शिवाय नवी टाकी मिळणेही सोपे नसते. एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ साली घेतला. ज्याचा निर्माताच राहिला नाही, त्या यंत्राच्या मालकाला डागडुजीवाचून दुसरा मार्ग कोणता?

तेव्हा टाकी उतरवून वेल्डिंगला येते, आणि खरा प्रश्न येथे उभा राहतो. डिझेल पेट्रोलसारखे भडकत नाही, हा अनुभव खोटा नाही. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष घातक आहे. पेट घेते ती वाफ, द्रव नव्हे. म्हणून काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी अधिक भयंकर. भारतीय मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक किमान ३५ अंश सेल्सिअस असावा लागतो, आणि नगरच्या एप्रिलमधील दुपार हा आकडा सहज ओलांडते. मग टाकीच्या पत्र्यावर गॅसची ज्योत धरली की काय होणार? सांध्यांत मुरलेले उरलेसुरले डिझेल वाफ होऊन आतल्या हवेत मिसळते. हवेच्या शंभर भागांत एका भागाहूनही कमी वाफ स्फोटाला पुरते. ‘दहा टाक्या जोडल्या, काही झाले नाही’ असे सांगणाऱ्या कारागिराचे म्हणणे दहा टाक्यांपुरतेच खरे असते.

या बाबतीत चुकीच्या समजुतीही कमी नाहीत. कोणी टाकी पेट्रोलने धुतो, म्हणजे आगीच्या हाती कोलीत देतो. कोणी ट्रॅक्टरच्या सायलेन्सरला नळी जोडून धूर टाकीत सोडतो. पण सावकाश चालणाऱ्या डिझेल इंजिनाच्या धुरात न वापरलेला प्राणवायू भरपूर उरतो, त्यामुळे त्या धुराचा भरवसा धरता येत नाही. योग्य रीत यापेक्षा कंटाळवाणी आहे. टाकी निथळून धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने पुनःपुन्हा खळखळून धुवावी, शक्य तर वाफ द्यावी. नंतर गळकी जागा वर येईल अशी टाकी ठेवून त्या जागेच्या किंचित खालपर्यंत पाणी भरावे, झाकण उघडे ठेवावे आणि मगच ज्योत लावावी. छिद्र लहान असेल तर वेल्डिंगऐवजी डाग देऊन भागते; पण डाग देतानाही उष्णता लागतेच, तेव्हा धुण्यातून सुटका नाही.

हे ज्ञान नवे नाही. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या ३७ व्या कलमात नेमकी हीच अट घातली होती: ज्या टाकीत ज्वालाग्राही पदार्थ होता, ती तो पदार्थ व त्याची वाफ काढून टाकल्यावाचून वा निर्धोक केल्यावाचून वेल्डिंगला घेऊ नये. पण त्या कायद्याच्या मूळ व्याख्येत यंत्रशक्तीवर चालणारा कारखाना ठरण्यास दहा कामगार आवश्यक होते. मालक, एक वेल्डर आणि हाताखाली एक पोरगा, एवढ्यावर चालणारे गॅरेज तिच्या बाहेरच राहिले. जेथे जोखीम मोठी तेथे कायद्याचा हात पोचू नये, ही विसंगती कामगारांचे नाव घेणाऱ्या कोणालाही फारशी टोचलेली दिसली नाही. आता दंडुका घेऊन निरीक्षक धाडावेत असे कोणी सुचवील, तर त्याने गरीब कारागिराला हप्त्याचा एक नवा ताप तेवढा होईल.

त्यापेक्षा जिल्ह्यात जे आहे ते वापरावे. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, त्याचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे; औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डर आणि ट्रॅक्टर मेकॅनिक घडविले जातात. त्यांच्या विद्यार्थ्यांनी तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी गॅरेजवाल्यांसमोर एक टाकी धुऊन, पाणी भरून, जोडून दाखविली, तर छापील पत्रकांहून ते अधिक उपयोगी पडेल. आणि कारखाने? लोणी, कोपरगाव, संगमनेर, सोनई, भेंडे येथील साखर कारखान्यांकडे वाफ आहे, शिकलेले वेल्डर आहेत. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर त्यांच्याच आवारात तासन्‌तास नंबर लावून उभे असतात. कारखाना म्हणजे गॅरेज नव्हे, असा आक्षेप संचालक घेतील. कोणी त्यांना टाक्या जोडून द्या म्हणत नाही. आवाराच्या एका कोपऱ्यात वाफेचा एक नळ, तेलकट पाणी विहिरी-ओढ्यांत जाऊ न देणारा एक खड्डा आणि देखरेखीला एक जाणता माणूस, एवढीच मागणी आहे. हे काम हंगाम संपण्यापूर्वी करावे लागेल. एकदा बॉयलर विझले की वाफ थेट पुढच्या हंगामातच मिळेल, आणि गळक्या टाक्या तर गॅरेजच्या दारात उन्हाळ्यातच येऊन पडतात.