शेवंडीच्या गावात जेवायचं कुठे?

मुलगा-सून बोस्टनला, म्हणून उन्हाळ्यात दोन महिने तिकडे जाणारे अम्मी-अब्बा आता आपल्याकडे कमी नाहीत. सुट्टी आली की मुलं त्यांना घेऊन मेन राज्यातल्या बार हार्बरला निघतात. अकेडिया राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेलं हे समुद्रकाठचं गाव. वस्ती जेमतेम पाच हजार, पण मे ते ऑक्टोबर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. हिवाळ्यात मात्र बहुतेक हॉटेलांना कुलूप.

तिथे हलालची पाटी शोधत फिरण्यात दिवस घालवू नका. गोश्त हवंच असेल तर वाटेतच सोय करा. बोस्टनहून जाताना महामार्गाला लागून लुइस्टन शहर आहे. 2001 पासून तिथे सोमाली मुसलमानांची मोठी वस्ती झाली आणि लिस्बन स्ट्रीटवर त्यांची दुकानं उभी राहिली. गोश्त बर्फाच्या डब्यात भरून घ्यायचं आणि मुक्कामाला स्वयंपाकघर असलेली खोली बघायची. रात्रीचं सालन-चावल घरचं झालं की दिवसभर बाहेरची काळजी निम्मी होते.

आता शेवंड. त्या किनाऱ्याची शेवंड आपल्या कोकणातल्यासारखी नाही, तिला खेकड्यासारखे दोन जाडजूड नांगे असतात. ती खायची ‘लॉब्स्टर पाउंड’वर. पाउंड म्हणजे चक्क कोंडवाडा! जिवंत शेवंड तिथे पाण्यात कोंडून ठेवतात, वजन करून समोरच उकडतात. बेटावर जाणाऱ्या पुलाच्या अलीकडे ट्रेंटन ब्रिजवर लाकडाच्या जाळावर समुद्राच्या पाण्यात शेवंड शिजत असते. बेटाच्या दुसऱ्या टोकाला, बर्नार्डच्या धक्क्यावर थर्स्टन्स आहे. गावातल्या झगमगाटी हॉटेलांपेक्षा मी ही दोन ठिकाणं वर ठेवीन. मसाला नाही, सॉस नाही, लपवाछपवीला जागाच नाही. सोबत वितळलेलं लोणी आणि मक्याचं कणीस.

पण खरी अडचण इथेच येते. सून रत्नागिरीची, शाफई. तिच्या माहेरी शेवंड आवडीनं खातात. सासरे बीडचे, हनफी. त्यांच्याकडे समुद्रातला फक्त मासा चालतो. दोन्ही मतं मोठ्या इमामांची आहेत. तेव्हा “हे कसले किडे खाता?” असं सासऱ्यांनी म्हणू नये, आणि “एकदा चाखून तर बघा” असा आग्रह सुनेनंही करू नये. परदेशात एका टेबलावर बसलेल्या घरात असा एक शब्द सुट्टीभर सलत राहतो. सासऱ्यांसाठी हॅडॉक मासा मागवा, भाजलेला. तळलेला नको, कारण त्याचं पीठ तिकडे पुष्कळदा बिअरमध्ये भिजवतात.

विचारायचं असतं ते असंच. क्लॅम चावडर, म्हणजे तिसऱ्यांचं दुधाळ सूप, दिसायला निष्पाप; पण त्यात बेकन किंवा खारवलेलं डुकराचं मांस घालायची जुनी रीत आहे. शिंपले व्हाइट वाइनमध्ये वाफवतात. ब्लूबेरी पाय हे तर मेनचं अधिकृत राज्य-मिष्टान्न. त्याची पारी लोण्याची की डुकराच्या चरबीची, एवढं विचारून घ्या. विचारायला लाजू नका. तिकडे ॲलर्जीवाले रोज हेच विचारतात, त्यामुळे वाढणारी मुलगी आत जाऊन खानसाम्याला विचारून येते, तोंड वाकडं करत नाही. तिच्यासाठी बिलावर 18 ते 20 टक्के बक्षिसी धरा. 8 टक्के कर वेगळा.

दुपारी उद्यानातल्या जॉर्डन पाँड हाउसमध्ये जा. तिथला पॉपओव्हर म्हणजे मैदा, अंडी आणि दुधाचा टम्म फुगलेला, आतून पोकळ पाव. लोणी आणि स्ट्रॉबेरीचा जाम लावून चहाबरोबर खातात. हिरवळीवर टेबलं, समोर तळं, पलीकडे जोड टेकड्या. जागा आधी राखून ठेवा, नाहीतर तासभर ताटकळावं लागतं. इथे शाफई-हनफी दोघांची प्लेट एकच असते, आणि नातवंडं दुसरा पॉपओव्हर मागतातच.