ज्वलनाचें दुसरें समीकरण

हायड्रोकार्बन प्राणवायूंत जळाला म्हणजे कार्बन डायऑक्साइड व पाणी हीं उत्पन्न होतात, हें समीकरण आम्हां विद्यार्थ्यांस तोंडपाठ असतें. परीक्षेच्या आदल्या रात्रीं आम्ही तें घोकतों आणि दुसऱ्या दिवशीं गुण मिळवितों. परंतु त्याच्याच शेजारीं अर्धवट ज्वलनाचें दुसरें एक समीकरण असतें. त्याकडे आमचें फारसें लक्ष जात नाहीं. आमच्या मतें मनुष्याच्या जिवाशीं ज्याचा अधिक निकट संबंध, तें हेंच समीकरण होय.

घरच्या सिलिंडरांत प्रोपेन व ब्यूटेन यांचें मिश्रण असतें. प्रोपेनचा एक रेणु पूर्णपणें जळण्यास प्राणवायूचे ५ रेणु लागतात. हवेंत प्राणवायु सुमारें एकपंचमांश. म्हणून १ लिटर प्रोपेनला जवळजवळ २४ लिटर हवा पाहिजे. लहानशा बंद न्हाणीघरांत गॅसचा गीझर लावला, तर ही हवा येणार कोठून? ती कमी पडूं लागली कीं त्याच गॅसपासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. ह्या वायूला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनला त्याची ओढ प्राणवायूपेक्षां दोनशेंहून अधिक पट आहे. आधीं डोकें दुखतें, मग भोवळ येते, आणि शेवटीं दाराची कडी काढण्याचेंहि बळ उरत नाहीं.

कोणी म्हणतील, 'गॅस सुटला तर वास येतोच कीं!' हा समज घातक आहे. गॅसमध्यें वासासाठीं मुद्दाम मिसळलेलें गंधकयुक्त द्रव्य न जळलेल्या गॅसची वर्दी देतें. ज्योतींत तें स्वतःच जळून जातें. मोनॉक्साइड मुकाट्यानें येतो.

गॅसला दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. चुलीच्या धुरांत आमच्या आज्यांनीं किती डोळे चोळले, हें आम्ही ऐकून आहों. आमचा आक्षेप घोकंपट्टीवर आहे. मायकेल फॅरडे यांनीं १८६०-६१ च्या नाताळांत लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें मुलांपुढें एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानें दिलीं. ज्योतींतून पाणी निघतें हें त्यांनीं थंड भांडें धरून दाखविलें, आणि तिचा पिवळा उजेड तापलेल्या कर्बाच्या कणांचा असतो हेंहि पटवून दिलें. आमच्याहि वर्गांत रसायनशास्त्र असेंच ज्योतीपासून सुरू व्हावें. मग शेगडीची निळी ज्योत पिवळी कां झाली व पातेल्याच्या बुडाला काजळी कां धरली, हें घरांतील लहान मूलहि सांगूं शकेल.

तोंवर पालकांस आमची नम्र विनंति एवढीच: गॅसचा गीझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेंत बसवावा, धुराडें भिंतीपलीकडे काढावें, आणि ज्योत निळी दिसली तरी थंडीच्या भयानें खिडकी लावूं नये. आणि विद्यार्थिमित्रांनो, हें काम वडीलधाऱ्यांवरच न सोंपवितां आज घरीं गेल्यावर ती खिडकी तुम्हीं स्वतः पाहावी.