जंगलातील उंदीर आणि तोंडी आदेश

करमणुकीच्या कार्यक्रमातून प्रशासनाने काही शिकावे, असे सहसा घडत नाही. ब्रिटनच्या आयटीव्ही वाहिनीवरील ‘आय ॲम अ सेलिब्रिटी, गेट मी आउट ऑफ हिअर!’ या मालिकेचे २००९ सालचे नववे पर्व मात्र त्यास अपवाद ठरावे. इंग्लंडात स्थायिक झालेल्या वाचकांपैकी काहींनी ते पाहिलेही असेल. त्याच वर्षी सोनी वाहिनीने ‘इस जंगल से मुझे बचाओ’ या नावाने तिची हिंदी आवृत्ती मलेशियात चित्रित केली होती, ती इतरांच्या स्मरणात असेल.

मालिकेची कल्पना सोपी आहे. नामवंत मंडळींना ऑस्ट्रेलियाच्या न्यू साऊथ वेल्स राज्यातील अरण्यात नेऊन ठेवावयाचे, भात आणि घेवड्याच्या दाण्यांवर त्यांची गुजराण करावयाची आणि अधिक अन्न हवे असल्यास किळसवाण्या परीक्षा द्यावयास लावावयाच्या. कोणी राहावे नि कोणी जावे, हे प्रेक्षक मतदानाने ठरवितात. येथील उपासमार ही कराराने पत्करलेली असते. छायाचित्रक, निर्माते आणि वैद्य हाकेच्या अंतरावर असतात.

या पर्वात जिनो डॅकाम्पो हे इटालियन आचारी व स्टुअर्ट मॅनिंग हे अभिनेते यांनी छावणीत उंदीर पकडून मारला, शिजविला आणि खाल्ला. प्रेक्षकांचे मनोरंजन झाले. डॅकाम्पो पुढे त्या पर्वाचे विजेतेही ठरले. परंतु न्यू साऊथ वेल्समध्ये १९७९ चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा लागू आहे आणि त्याखाली खटला भरण्याचे अधिकार ‘आरएसपीसीए’ या धर्मादाय संस्थेला आहेत. निव्वळ कॅमेऱ्यासाठी प्राण्याचा जीव घेणे मान्य नाही, अशी भूमिका घेऊन संस्थेने त्या दोघांवर आरोप ठेवले.

प्रशासनाच्या अभ्यासकाला रस आहे तो यापुढील घटनाक्रमात. फेब्रुवारी २०१० मध्ये दोघांवरील आरोप मागे घेण्यात आले. निर्मात्यांची संमती आहे या समजुतीने ते सद्भावनेने वागले, हे संस्थेने ग्राह्य धरले. जबाबदारी आयटीव्हीने स्वीकारली, गुन्हा कबूल केला आणि न्यायालयाने तिला ३००० ऑस्ट्रेलियन डॉलर दंड ठोठावला. उंदीर मारणे तेथे गुन्हा ठरू शकतो हे आपल्याला ठाऊक नव्हते, अधिक चौकशी करावयास हवी होती, असेही वाहिनीने मान्य केले. म्हणजे हातात सुरी असलेला माणूस सुटला आणि ज्या व्यवस्थेने त्याला तेथे बसविले, उपाशी ठेविले व संमती दिली, ती दोषी ठरली.

हाच प्रसंग आपल्याकडे घडता तर? वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ नुसार अभयारण्यात प्रवेशाचा परवाना मुख्य वन्यजीव रक्षक देतात. २०२२ च्या दुरुस्तीने त्यात चित्रपटनिर्मितीचा स्पष्ट उल्लेख आला आणि अधिवासास बाधा न आणण्याची अटही आली. समजा, एखादा चमू ठरलेल्या हद्दीपलीकडे गेला. ‘जाऊ द्या त्यांना’ हा शब्द वरून दूरध्वनीवर आलेला असतो. बोभाटा झाला की तो शब्द कोणाचाच नसतो, आणि कारणे दाखवा नोटीस जाते ती नाक्यावरील वनरक्षकाला. महसूल, पोलीस, नगरपालिका, कोठेही पाहा, रीत हीच.

नियम नाहीत असे नव्हे. अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ सांगतात की वरिष्ठांचे निर्देश सामान्यतः लेखी असावेत. अपवादाने तोंडी दिले तर त्यांना लागलीच लेखी पुष्टी द्यावी, ती कनिष्ठाने मागावी आणि वरिष्ठाने देणे हे त्याचे कर्तव्य राहील. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या नियमांतही हे तत्त्व आहे. टी. एस. आर. सुब्रमणियन खटल्याच्या ३१ ऑक्टोबर २०१३ रोजीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही तोंडी आदेशांवर काम करण्याच्या प्रथेवर बोट ठेविले. तरीही पुष्टी मागणारा कनिष्ठ ‘अडेलतट्टू’ ठरतो. सचिवालयात बसणाऱ्याला एक वेळ हे परवडेल. वनरक्षकाला परवडत नाही.

एका उंदरासाठी एवढा खटाटोप कशाला, असा आक्षेप येईल. बिहारमधील मुसहर समाजाने पिढ्यान्‌पिढ्या दारिद्र्यापायी उंदीर खाल्ले. त्यांच्या भुकेला कोणी कॅमेरा लावला नाही. नेमका म्हणूनच फरक करावयास हवा. गरजेपोटी केलेली हत्या आणि रंजनासाठी घडवून आणलेली हत्या कायद्याने एका तागडीत तोलू नयेत. दंड क्षुल्लक होता, हा दुसरा आक्षेप. तो खराच आहे. पण आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाच्या कलम ११ मध्ये पहिल्या गुन्ह्यास किमान दहा व कमाल पन्नास रुपये दंड आहे, हे ध्यानी घेऊन मगच त्या रकमेला हसावे. शिवाय परिणाम केवळ रकमेने होत नसतो. २०१९ च्या पर्वापासून या मालिकेने जिवंत कीटक खावयास लावण्याची प्रथा बंद केली. त्याचे श्रेय त्या एका खटल्याला देता येणार नाही; परंतु संस्थेला जाब विचारला जातो हे कळले, की संस्था आपल्या रीती तपासू लागतात.

आपल्याकडे याची सुरुवात एका साध्या गोष्टीने होऊ शकेल. प्रत्येक चौकशी समितीने आपला पहिला प्रश्न ‘हे कोणी केले?’ असा न ठेवता ‘हे करण्यास संमती कोणाची होती?’ असा ठेवावा, आणि त्याचे उत्तर दप्तरी न सापडल्यास ती उणीव सर्वांत वरच्या अधिकाऱ्याच्या खाती मांडावी. वनरक्षकाची नोटीस त्यानंतर काढता येईल, आणि बहुधा ती काढण्याची वेळच येणार नाही.