दावणीचा हिशोब

मागच्या उन्हाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी शेतकऱ्यांचं एक शिबिर भरलं होतं. चहा, बिस्किटं, टोपी आणि वही-पेन मिळालं. पडद्यावर दोन चित्रं दाखवली. डावीकडं बैलजोडी, तिच्याखाली मोठ्या अक्षरात ‘खर्च’. उजवीकडं ट्रॅक्टर, त्याच्याखाली ‘गुंतवणूक’. व्याख्याते बाहेरचे होते, बोलायला गोड. म्हणाले, ‘‘शेतकरी बंधूंनो, भावनेच्या आहारी जाऊ नका. शेती धंदा म्हणून करा. बैल वर्षातले शंभर दिवस काम करतो आणि तीनशे पासष्ट दिवस खातो. ट्रॅक्टर उभा असला तर खात नाही.’’

टाळ्या पडल्या. मीही वाजवली एक. तेवढ्यात मागच्या रांगेतून धोतरातला एक म्हातारा उठला. ‘‘साहेब, त्या चित्रातला बैल किती दाती हाय?’’

हॉलभर हशा झाला. साहेबही हसले आणि त्यांनी पुढचं चित्र लावलं. मी मात्र तिथंच अडकलो. कारण म्हाताऱ्यानं अख्ख्या शिबिरातला एकमेव धंद्याचा प्रश्न विचारला होता आणि तो धंदा शिकवायला आलेल्या माणसाला कळलासुद्धा नव्हता.

शहरातल्या वाचकांसाठी सांगतो. बैलाचं वय दातावरून ओळखतात. दुधाचे दात असतात तोवर तो अदात. दोन-अडीच वर्षांत पुढचे दोन पक्के दात येतात, तो दोनदाती. मग चारदाती, सहादाती, आणि पाच वर्षांच्या आसपास आठही दात आले की जुळला. अदातापासून जुळेपर्यंत बैलाची किंमत चढत जाते. त्यानंतर काही वर्षं ती टिकते आणि मग उतरते. म्हणजे बैल खर्च आहे की गुंतवणूक, हे त्याचं तोंड उघडून बघितल्याशिवाय सांगताच येत नाही. म्हातारा तेवढंच विचारत होता.

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, बालाघाटाच्या पायथ्याला. हा लाल कंधारीचा मुलूख. कंधार, मुखेड, लोह्यापासून इकडं गंगाखेड, अहमदपूर, परळीपर्यंत ही गुरं पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली. रंगानं गडद लाल, अंगानं आटोपशीर, उन्हाला चिवट. गाय दूध थोडं देते, पण गोऱ्हा असा देते की वखराला, गाडीला मागं सरत नाही. आमच्या दावणीला अशा दोन गायी कायम असायच्या. दूध घरापुरतं. गोऱ्ह्याच्या तोंडचं दूध काढायचं नाही, हा दादांचा दंडक. माय कधी चहाला म्हणून जास्त पिळायला लागली की दादा म्हणायचे, ‘‘काय करायलीस? आज गिलासभर काढशील, चार वर्सांनी माळेगावात हजारानं कमी येतेल.’’

दादांना आम्ही वडील म्हणून ओळखत होतो, गाव त्यांना साधा कुणबी म्हणून ओळखत होतं. ते धंदेवाले होते, हे मला फार उशिरा कळलं. त्यांची रीत अशी. घरचा गोऱ्हा दोनदाती झाला की त्याला वेसण घालून हलक्या कोळप्याला जुंपायचं. चारदाती झाला की वखर, सहादाती झाला की तिफण आणि गाडी. त्याच्या शेजारी जुना शहाणा बैल, म्हणजे नवा आपोआप शिकतो. दात जुळले, अंग भरलं, जोडी एकमेकाला लागली, की ती भर उमेदीत विकायची आणि खालची खोंडं वर घ्यायची. जोड लावायला कधी एखादं खोंड बाहेरून घ्यायचे. १९८३ साली घेतलेली अडीच हजारांची अदात जोडी तीन वर्षं आमचं रान करून माळेगावला साडेसहा हजाराला गेली. त्या पैशात विहिरीचं बांधकाम निघालं. पुढच्या एका जोडीत माझं परभणीचं कॉलेज आणि खोलीभाडं निघालं, आणखी एकीत बहिणीचं लग्न.

माळेगावची ती जत्रा डोळ्यांसमोरून जात नाही. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला खंडोबाची पालखी निघते. एका अंगाला घोडे, एका अंगाला गाढवं, आणि मधे लाल बैलांच्या रांगाच रांगा. हेडी यायचा, बैलाचं तोंड उघडायचा, खांदा दाबायचा, चालवून बघायचा. मग उपरण्याखाली दोघांचे हात जायचे आणि बोटांनी भाव चालायचा. वरून दोघंही पावसापाण्याचं बोलत असायचे. दादांचा चेहरा दगडासारखा. सौदा झाला, इसार हातात पडला, की मग मात्र बैलाच्या पाठीवर हात ठेवून गप उभे राहायचे. ही भावनाच होती, पण ती सौद्यानंतरची. सौद्याआधी नव्हती.

कॉलेजात असताना वाचनालयात फ्रान्समधल्या पर्शरॉन नावाच्या घोड्यांवर एक लेख सापडला. टनभर वजनाचे हे अवजड घोडे. पॅरिसच्या पश्चिमेला पेर्श नावाचा मुलूख आहे, तिथल्या घोड्या शेतही करायच्या आणि शिंगरंही द्यायच्या. ती शिंगरं शेजारच्या सपाट मुलखातले शेतकरी घ्यायचे, नांगराला लावून तयार करायचे, आणि ऐन भरात आली की पॅरिसला विकायचे. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या रस्त्यांवरच्या घोड्यांच्या बसगाड्या असल्या घोड्यांवर चालल्या. शेतकऱ्याला शेतकामाचा घोडा एका अर्थानं फुकट पडायचा, कारण काम करता करताच त्याची किंमत वाढत होती. मी तो लेख वाचला आणि म्हटलं, अरे, हे तर आमचे दादा! आपल्याकडं घोडं नांगराला जुंपायचं चलन नाही. काळ्या रानातला आपला अवजड घोडा म्हणजे बैल. पण हिशोब तोच. जुंपल्यानं झिजणारं यंत्र जगात कुठंही मिळतं. जुंपल्यानं वाढणारं भांडवल फक्त जितराबात असतं.

आता माझा धंदा सांगतो, म्हणजे दादांनंतरचा. मी शिकलेला. बारा एकर रान. २००९ साली शेवटची जोडी आणि दोन्ही गायी विकून बयाणा भरला, बाकीचं कर्ज काढलं आणि दारात ट्रॅक्टर आणला. हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. शोरूमच्या दारातून बाहेर पडल्याबरोबर तो जुना झाला, हे मला कुणी सांगितलं नाही. बारा एकरांत त्याला वर्षाचं काम नव्हतं, म्हणून भाड्यानं फिरवला. तोच विचार करून गावात आणखी दहा जणांनी घेतलेले. भाडं पडलं, डिझेल चढलं. उभा ट्रॅक्टर खात नाही, हे साहेबांचं खरं आहे. पण उभ्या ट्रॅक्टरचा हप्ता खातो, आणि तो वैरणीवर भागत नाही. सहा वर्षांनी निम्म्याहून कमी किमतीत विकला, वर दोन एकर रान गहाण पडलं. आज मी पेरणीला दुसऱ्याचा ट्रॅक्टर सांगतो. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला की दोन दिवसांत अख्ख्या गावाला तोच पाहिजे असतो. माझा नंबर येतो तेव्हा ओल उडालेली असते.

हे एकट्या माझ्या अकलेचं दिवाळं असतं तर लिहिलं नसतं. २०१२ च्या पशुगणनेत देशात गोवंशातले नर ६ कोटी ७९ लाख होते, २०१९ च्या पशुगणनेत ४ कोटी ७४ लाख उरले. सात वर्षांत दोन कोटी गेले. याच काळात माद्या मात्र वाढल्या. याचा अर्थ सरळ आहे, आपण गाईला फक्त दुधाचं यंत्र ठरवलं. संकराची लाट आली, होल्स्टीन आणि जर्सीच्या नळ्या गावोगाव पोचल्या. संकरित गोऱ्ह्याला नीट वशिंड नाही, जू खांद्यावर बसत नाही, उन्हात धापा टाकतो. त्याला गिऱ्हाईक नाही. आता तर कालवडच व्हावी म्हणून निवडलेलं रेत अनुदानात मिळतं. गोऱ्हा होणं म्हणजे अपघात! ज्या मुलखाची ओळखच गोऱ्ह्यावर होती, तिथं ही बुद्धी.

त्यातच २०१५ च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. गाईपुरता कायदा १९७६ पासून होताच. इथं मी जपून लिहितो, कारण दादांच्या गळ्यात माळ होती. म्हातारा बैल हेड्याच्या हवाली करायचा त्या दिवशी ते सकाळीच रानात निघून जायचे, दावं सोडायचं काम गड्याला सांगून. तो बैल कुठं जातो, हे त्यांनी कधी विचारलं नाही, आणि ठाऊक नव्हतं असंही नाही. पण त्या पैशात भर घालून नवं खोंड यायचं. गोवंश वाचवायचा निर्णय समाजानं घेतला, तर त्याचा खर्चही समाजानं उचलावा. तो माझ्या दावणीला बांधू नये. कारखानदार जुनं यंत्र मोडीत घालतो, त्याचे पैसे घेतो, आणि त्याला कुणी पापी म्हणत नाही. मला सांगता धंदा कर, आणि धंद्यातला शेवटचा सौदा मात्र करायचा नाही! मग शेतकरी शहाणपणानं पहिलाच सौदा करत नाही. तो खोंड घेतच नाही. म्हाताऱ्या बैलाला वाचवायला निघालो आणि तरणा बैल जन्माला यायचा थांबला.

वैरणीचंही तेच. ज्वारी होती तेव्हा कडब्याच्या गंज्या होत्या. सोयाबीन आलं, रोख पैसा आला, ज्वारी मागं सरली. सोयाबीनचं भुसकट म्हणजे कडबा नव्हे. आता कडब्याची पेंढी विकत घेऊन बैल पोसायचा म्हटलं तर तो खर्चच दिसणार. शेणखत गेलं, त्याची जागा गोणीनं घेतली. कोळपं गेलं, त्याची जागा तणनाशकानं घेतली. हे सगळे पैसे बैलाच्या खात्यात कुणी जमा धरतं का? पडद्यावरच्या त्या चित्रात शेणाचा रकाना नव्हता, वाफशाचा नव्हता, गोऱ्ह्याच्या चढत्या किमतीचा नव्हता. होती ती फक्त पेंढी.

आणि गंमत बघा. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठानं ‘परभणी मोती’सारखे ज्वारीचे वाण काढले. तिथंच पशुशक्तीच्या योग्य वापरावर संशोधनाची योजना चालली, बैलांच्या सुधारित अवजारांवर काम झालं. म्हणजे शहाणपण पन्नास-साठ किलोमीटरवर आहे. ते आमच्या शिबिरात येत नाही. तिथं येतो तो विकणारा.

मला माहीत आहे, काही वाचक म्हणतील, ‘‘बैलामागं जायला माणूस कुठाय?’’ खरं आहे. दादांच्या हिशोबात एक रकाना त्यांनीही कोरा ठेवला होता. मायनं उभा जन्म शेण काढलं, वैरण टाकली, पाणी दाखवलं. विकलेल्या एकाही जोडीतला रुपया तिच्या हातावर पडला नाही. माझा पोरगा पुण्यात कंपनीत आहे, तो परत येऊन कासरा धरणार नाही, आणि मी त्याला धर म्हणणारही नाही. मोठ्या नांगरटीला ट्रॅक्टर लागतो, तोही लागू द्या. सगळ्यांनी मागं फिरा, असं म्हणायला मी काही भजनाला बसलेलो नाही.

मी एवढंच म्हणतो की धंदा म्हणता ना, मग खातेवही पुरी मांडा. या मुलखात लाल कंधारीचा जातिवंत वळू गावाच्या टप्प्यात ठेवा. जो गोऱ्हा वाढवतो त्याला, दूधवाल्याला देता तसं, अनुदान द्या. म्हाताऱ्या बैलाची विक्री बंद ठेवायची असेल तर त्याच्या मरेपर्यंतच्या वैरणीचे पैसे शेतकऱ्याच्या खात्यावर टाका, गोठ्यातल्या बाईच्या नावानं टाका. हे परवडत नसेल, तर आम्हाला धंदा शिकवू नका.

परवाच्या पोळ्याला आमच्या गल्लीत बैल पूजलेली घरं तीन. बाकीच्यांनी कुंभाराकडून मातीची जोडी आणली. मीही आणली, पंचवीस-तीस उंबरठे सोडून कुठं जायचं? सौभाग्यवतीनं ओवाळलं, पुरणाचा घास मातीच्या तोंडाला लावला. शेजारचा म्हातारा बघत उभा होता. शिबिरातला तोच. जाता जाता म्हणाला, ‘‘चांगली हाय जोडी. दात नसले तरी चालतंय आता.’’

मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी लोह्याकडच्या एका ओळखीच्याला फोन लावला. लाल कालवड आहे म्हणाला, पाटी अजून अदात. भाव जरा जास्त सांगतोय. दिवाळीनंतर जाऊन तोंड उघडून बघणार आहे.