वहाणेची किंमत व व्यापाराची नीति

सन २०२५ च्या जून महिन्यांत इटलींतील मिलान शहरीं प्राडा कंपनीनें आपल्या पोषाखांच्या प्रदर्शनांत कोल्हापुरी वहाणेसारखी वहाण मांडली, आणि तिच्या उगमाचा प्रारंभीं उल्लेखहि केला नाहीं. त्यावर आमच्याकडे मोठी ओरड झाली, व ती रास्तच होती. महाराष्ट्रांतील चार व कर्नाटकांतील चार जिल्ह्यांच्या ह्या वहाणेस २०१९ सालींच भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. पुढें कंपनीनें भारतीय कारागिरीपासून स्फूर्ति घेतल्याचें कबूल केलें, व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशीं करारहि केला. परक्याची कानउघाडणी झाली. आतां आमच्या व्यापारी बंधूंनीं आपल्या खतावण्याहि एकदां उघडून पाहाव्यात, अशी आमची विनंति आहे.

वाणिज्य विद्यालयांतून स्वदेशी मूल्यें व उद्योगनीति शिकवावी, असें अलीकडे वारंवार ऐकूं येतें. कल्पना उत्तम आहे. परंतु सुभाषितें पाठ करून ही विद्या येणार नाहीं. ती ह्या वहाणेपाशीं बसून शिकावी. जुन्या रीतीनें कातडें बाभळीच्या सालीच्या व हिरड्याच्या पाण्यांत मुरवून कमावितात. त्यास कित्येक आठवडे लागतात. क्रोमच्या क्षारांनीं तेंच काम फार लवकर उरकतें. पण सांडपाणी शुद्ध न करतां सोडलें तर त्याचें विष ओढ्यांत उतरतें. पुढें तळ, कान, पट्टा व वेणी हे भाग कातड्याच्याच वादीनें शिवतात. अस्सल जोडांत खिळा नसतो.

येथेंच व्यापाराच्या नीतीचा प्रश्न उभा राहतो. आठवडेच्या आठवडे मुरणाऱ्या कातड्यांत गरिबाचें भांडवल अडकून पडतें. अशा वेळीं ‘माल खपल्यावर पैसे देऊं’ म्हणणारा दुकानदार आपल्या धंद्याचें व्याज त्या गरिबाकडूनच वसूल करितो. मग त्यानें साल व हिरडा सोडून झटपट मार्ग धरिला, तर दोष एकट्या त्याचाच काय? नदी स्वच्छ राहावी असें ज्यास वाटतें, त्यानें कारागिराचें देणें वेळेवर चुकतें केलें पाहिजे.

परंतु जें जें आपलें तें तें चांगलें, असेंहि आम्ही म्हणत नाहीं. ज्या समाजानें ही वहाण हौसेनें पायांत घातली, त्यानेंच ती करणाऱ्यास उंबरठ्याबाहेर उभें केलें. ही रूढीहि स्वदेशीच होती! तिच्यावरचा उताराहि कोल्हापुरांतच सांपडतो. राजर्षि शाहू महाराजांनीं गंगाराम कांबळे ह्या अस्पृश्य गणलेल्या गृहस्थास चहाचें दुकान काढावयास साह्य केलें, आणि तेवढ्यावर न थांबतां स्वतः तेथें जाऊन चहा घेतला. भांडवल मिळालें तरी गिऱ्हाइकानें पाठ फिरविली कीं दुकान बसतें, हें त्या राजास कळलें होतें. अभ्यास करावयाचा तो अशा मूल्यांचा.

म्हणून विद्यार्थ्यांनीं एका जोडाचा हिशेब मांडावा: कातड्यास किती, साल-हिरड्यास किती, शिवणाऱ्यास किती, घरीं बसून वेणी घालणाऱ्या बाईस किती, आणि दुकानास किती. त्या बाईच्या नांवापुढें पूज्य आलें, तर खरा धडा तेथूनच सुरू झाला असें समजावें. व्यापाऱ्यांकडे आमचें मागणें तीनच गोष्टींचें आहे. माल उचलतांना रोख मोबदला द्यावा, नकली माल कोल्हापुरी म्हणून विकूं नये, व प्रत्येक जोडावर करणाऱ्याचें नांव घालावें. मिलानमध्यें नांव गाळलें गेलें म्हणून आपण रागावलों; आपल्या दुकानांतील जोडावर तरी तें नांव आहे काय?